डाव्या अंगाचा आरसा

शिवहारनं स्टेअरिंग सोडलं त्याला आठ महिने झाले होते. तेवीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस आता वसमत आगाराच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचा. कुणी विचारलं की सांगायचा, "मणक्यात गॅप पडला." ड्रायव्हरची पाठ जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ऐकणारा मान हलवायचा, आपल्या ओळखीतल्या एखाद्या डॉक्टरचं नाव सांगायचा आणि पुढं निघून जायचा.

पाठ ठणठणीत होती. गेले होते ते डोळे.

मागच्या उन्हाळ्यात डोंगरकड्याच्या अलीकडं डाव्या अंगानं मेंढरं रस्त्यावर आली. शिवहारला ती दिसलीच नाहीत. कंडक्टर रत्नपाल जोरात ओरडला तेव्हा त्यानं ब्रेक दाबला, तोवर एक कोकरू चाकाखाली गेलं होतं. गाडीतले लोक म्हणाले, "अचानक आले हो, तुमची काय चूक?"  शिवहारच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली होती. कळप कधी अचानक येत नाही हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्यानं रजा टाकली आणि एकटाच नांदेडला डोळ्याच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे. कडेकडेची नजर गेली, मधली तेवढी उरली. नळीतून बघितल्यासारखं. गेलेली परत येणार नाही, उरलेली डोळ्यात रोज थेंब टाकून सांभाळायची. शेवटी कागद हातात देताना डॉक्टर म्हणाले, "मुलंबाळं असतील तर त्यांचेही डोळे तपासून घ्या. हे घराण्यात उतरतं."

आगारात साहेबांना त्यानं कागद दाखवला आणि हात जोडून सांगितलं की हे कुणाला कळू देऊ नका. साहेबांनी शब्द पाळला. रत्नपालनं नऊ वर्षं त्याच्यासोबत ड्युटी केली होती, त्यालाही शिवहारनं मणक्याचंच सांगितलं. पुण्यात दिलेल्या लेकीला, मिनालासुद्धा.

बायको, साधना, चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली होती. डोंगरकड्यात पत्र्याच्या दोन खोल्या, एक शेगडी आणि शिवहार. सकाळी तो एसटीनं वसमतला जायचा, संध्याकाळी एसटीनंच परत यायचा. पुढं बसायचा नाही. पुढं बसलं की समोरच्या ट्रकला बघून त्याचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबायचा आणि शेजारचा माणूस त्याच्याकडं बघायचा. म्हणून मागच्या आडव्या सीटवर, खिडकीशी. घरी आल्यावर भाकरी आणि एक भाजी. रविवारी मिनाचा फोन. "पाठ कशी आहे?" "बरी आहे." "पट्टा बांधताय ना?" "व्हय." तिनं पाठवलेला कमरेचा पट्टा कपाटात त्याच्या खोक्यातच होता.

अशाच एका संध्याकाळी गाडीत शेजारी बसलेला माणूस मोबाईलवर गेम खेळताना त्याला दिसला. पडद्यावर एक बस होती. खरी वाटावी अशी. काच, वायपर, समोर वळणाचा रस्ता, थांब्यावर उभी राहिलेली माणसं. शिवहार उतरायचा थांबा आला तरी बघत राहिला. घरी गेल्यावर त्यानं तो गेम शोधून मोबाईलमध्ये उतरवून घेतला.

पण तो त्याला जमेना. पडद्यावरच एका कोपऱ्यात स्टेअरिंग, दुसऱ्या कोपऱ्यात ब्रेक आणि रेस. त्याचे अंगठे जाड, वर्षानुवर्षं स्टेअरिंग धरून घट्टे पडलेले. त्या अंगठ्यांखाली अर्धा रस्ता झाकून जायचा. आणि नजर रस्त्यावर ठेवली की ब्रेक कुठं आहे ते दिसायचं नाही. ब्रेक शोधायला नजर खाली आणली की गाडी शेतात. आठ दिवसांत तो एकदाही दुसऱ्या थांब्यापर्यंत पोहोचला नाही.

वारंगा फाट्यावर टायरवाल्याच्या शेजारी पल्लवीचं मोबाईलचं दुकान होतं. ही तिशीतली बाई नांदेडला रिपेरिंग शिकून आलेली. सुरुवातीला लोकांना वाटायचं की भावाचं दुकान सांभाळत असेल. आता चार गावांचे मोबाईल तिच्याकडं यायचे. गेटवरच्या एका मेकॅनिकनं शिवहारला तिचं नाव सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो तिथं गेला.

"काय पाह्यजे, मामा?"

"गेम खेळायचं रिमोट असतं म्हणे. बिनवायरचं."

"हाय की. कोणता गेम खेळता?"

शिवहारनं आवाज खाली आणला. "बसचा."

पल्लवी हसली नाही. तिनं मागच्या फळीवरून काळ्या रंगाचं एक कंट्रोलर काढलं, दोन्ही हातांत धरायचं, दोन मुठींसारखं. "हे बघा. मधलं हे होमचं बटण, अन् हे उजवीकडचं ए. दोन्ही संगंच दाबून धरायचे. लाईट भरभर लुकलुकायली की सोडायचे. मंग मोबाईलात ब्लूटूथ चालू करा. यादीत रिमोटचं नाव येईल, त्यावर बोट ठेवा. खाली विचारंल, जोडायचं का म्हणून. हो म्हणा. लाईट थांबली की समजा जोडलं."

तिनं करून दाखवलं. लाईट थांबली. शिवहारनं दोन्ही मुठी धरल्या आणि पडद्यावरची बस पुढं सरकली. अंगठ्याखाली काडी डावीकडं ढकलली की बस डावीकडं. त्याला एकदम बरं वाटलं.

घरी मात्र ते जोडलं जाईना. पल्लवीनं दुकानात बंद करून डब्यात भरून दिलेलं रिमोट त्यानं काढलं, बटणं दाबली. लाईट लुकलुकली. मोबाईलच्या यादीत नाव आलं. बोट ठेवलं. थोडा वेळ काहीतरी फिरलं आणि मग काहीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. कधी लाईट थांबायची, पण बस जागची हलायची नाही. तीन संध्याकाळी तो त्याच्याशी झटला. गल्लीतल्या कुठल्याही घरात कुणीतरी ते चुटकीसरशी जोडून दिलं असतं. पण मग पंचावन्नाच्या घरातला शिवहार ड्रायव्हर मोबाईलवर बस चालवतो हे गावभर झालं असतं. त्यानं कुणाला विचारलं नाही.

तो परत फाट्यावर गेला. पल्लवीच्या हातात ते पहिल्या झटक्यात जोडलं गेलं.

"आधीचं नाव मोबाईलातून काढून टाकावं लागते, मामा," ती म्हणाली. "न्हाईतर तो जुन्यालाच धरून बसतो."

घरी गेल्यावर त्यानं जुनं नाव काढून टाकलं, नव्यानं जोडायला बसला. जमलं नाही. आणखी चार दिवसांनी तो तिसऱ्यांदा दुकानात उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"खराब असंल तर बदलून देते," पल्लवी म्हणाली. "पण आज मी हात लावत न्हाई. तुमीच जोडा, मी बघते. बसा. चहा सांगते."

हॉटेलातून चहा आला. पल्लवीनं ग्लास काउंटरवर त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि "चहा घ्या," म्हणाली. शिवहार रिमोटवर वाकला होता. काळ्या बटणांवर काळीच अक्षरं कोरलेली. त्यानं अंदाजानं एक दाबलं. मग मोबाईलच्या यादीत नावाची वाट बघत राहिला, नाव आलं, बोट ठेवलं. पडद्याच्या तळाशी जोडायचं का, अशी पट्टी वर आली, तिथं थांबली आणि निघून गेली. शिवहार अजून यादीकडंच बघत होता. मग वैतागून त्यानं रिमोट खाली ठेवलं तसा कोपर लागून चहाचा ग्लास आडवा झाला.

पल्लवीनं फडकं आणलं. काउंटर पुसताना ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"मामा, ग्लास दिसला न्हाई का?"

"ध्यान नव्हतं."

"तुमी ए सोडून बीचं बटण दाबलं, त्यानं गेम चालत न्हाई. अन् खाली पट्टी आली होती, ती पण दिसली न्हाई." तिनं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "समोर बघा. माझ्या नाकाकडं. हे दिसलं की सांगा."

ती स्क्रू ड्रायव्हर त्याच्या डाव्या कानाच्या बाजूनं हळूहळू पुढं आणत राहिली. शिवहार तिच्या नाकाकडं बघत होता. बराच वेळ गेला.

"आता," तो म्हणाला.

पल्लवीनं हात तिथंच थांबवला. स्क्रू ड्रायव्हर जवळपास त्याच्या डोळ्यासमोर आला होता.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. बाहेर टायरवाल्याचं हवेचं मशीन धडधडत होतं. शिवहारनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. मेंढरं, कोकरू, नांदेडचा डॉक्टर, खोटा मणका. सांगताना तो रिमोटकडं बघत होता. 

"डॉक्टर अजून काय म्हणले?" पल्लवीनं शेवटी विचारलं.

"लेकरांचे डोळे तपासा म्हणले."

"मंग? तपासले?"

शिवहारनं अंगठ्यानं रिमोटवरची बटणं चाचपली.

"किती लेकरं हायेत तुमाला?"

"एकच. मिना. पुण्याला असते."

"मामा, तिला काहून सांगलं न्हाई?"

"सांगतो," तो म्हणाला. "सांगायचंच आहे."

पल्लवीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, पण विषय वाढवला नाही. तिनं ए बटणावर सुईच्या टोकानं डिंकाचा एक थेंब ठेवला, पंख्याखाली वाळू दिला. "आता बोटालाच कळंल." मग रिमोट जोडलं, मोबाईल स्टँडवर लावला आणि स्टँड उचलून काउंटरच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवला, चार हात लांब.

"इतक्या लांबून काय दिसणार?" शिवहार म्हणाला.

"जवळून तुमच्या नळीत अर्धाच पडदा मावते. लांब ठेवला तर सगळा मावंल. बिनवायरचं रिमोट मंग कशासाठी हाय? बघा तर."

शिवहारनं पाहिलं. रस्ता लहान झाला होता, पण पुरा होता. वर आकाश, खाली डॅशबोर्ड, उजवीकडं आरसा. आणि डावीकडंही एक आरसा होता. महिनाभर तो हा गेम खेळत होता आणि डाव्या अंगाला आरसा आहे हे त्याला आज कळत होतं.

त्या दिवसापासून तो संध्याकाळी घरी आला की मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा करायचा, आपण भिंतीला टेकून बसायचा, डिंकाचा थेंब बोटानं शोधायचा. जोडायला आता अर्धं मिनिटही लागायचं नाही. बस सुटायची. हात सगळं विसरले नव्हते. वळणाच्या आधी वेग कमी करणं, चढावर गिअर, थांब्यावर दार नेमकं माणसांसमोर आणणं. पहिल्या आठवड्यात तो इतका खूश होता की भाजी करपली तरी त्याला वास आला नाही.

मग हळूहळू त्यातलं रितेपण दिसायला लागलं. माणसं चढायची, बसायची, उतरायची, पण बोलायची नाहीत. कुणी "ड्रायव्हरसाहेब, दवाखान्यापाशी घ्या जरा," म्हणायचं नाही. कुणाचं गाठोडं दारात अडकायचं नाही. थांब्यावर माणसं चढली की शिवहार गाडी तशीच उभी ठेवून बसायचा. पडद्यावर पुढं चला, पुढं चला म्हणून बाण लुकलुकायचा. त्याला काही क्षणांनी लक्षात यायचं की आपण रत्नपालच्या घंटीची वाट बघून राहिलो.

एकदा तर तो मोठ्यानं बोलला, "झाले का सगळे?" पत्र्याच्या खोलीत आवाज त्यालाच वेगळा वाटला. त्यानंतर त्यानं लाजाळूच्या पानासारखं तोंड मिटून घेतलं.

हळदीच्या काढणीचे दिवस होते. गावाबाहेर कढया लागल्या होत्या, शिजत्या हळदीचा वास संध्याकाळी घरात यायचा. अशाच एका दिवशी तो एका गर्दीच्या रस्त्यानं बस नेत होता. डावीकडं वळायचं होतं. वळण्याआधी त्याची नजर डाव्या आरशात गेली. मागून एक सायकलवाला येत होता, बसच्या अगदी अंगाला घासून. शिवहारनं ब्रेक दाबला. सायकलवाला सरळ निघून गेला. बस वळली.

आणि शिवहारनं रिमोट खाली ठेवलं.

खऱ्या रस्त्यावर हा सायकलवाला आपल्याला कधीपासून दिसत नव्हता? मेंढरांच्या दिवशी कळलं, पण त्याआधी? तो आठवायला लागला. दोन वर्षांपूर्वी वसमतच्या स्टँडात फलाटाला गाडी घासली होती, तेव्हा त्यानं दोष अंधाराला दिला होता. त्याच्याही आधी रत्नपाल एकदा म्हणाला होता, "मान फार वळवून बघायले आजकाल." सवय, असं म्हणून तो हसला होता. तीन वर्षं असतील. चारही असतील. रोज साठ-सत्तर माणसं मागं बसवून तो त्या नळीतून रस्ता बघत होता आणि त्याला काही कमी आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. दुखलं नाही, खुपलं नाही. जे दिसत नाही ते दिसत नाही हेही कळत नव्हतं.

मिना रोज पुण्यात स्कूटीनं कामाला जात होती.

 सात वाजले होते. रविवार नव्हता. त्यानं मोबाईल पिठाच्या डब्यावरून उचलला आणि फोन लावला.

"बाबा? काय झालं?" मिनाचा आवाज घाबरलेला.

"काई न्हाई झालं. ऐक. तुझे डोळे तपासून घे."

"काय?"

मग त्यानं सांगितलं. पल्लवीला सांगितलं त्यापेक्षा हे अवघड होतं, कारण मिना मधे मधे विचारत होती आणि प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागत होतं.

"डॉक्टरनं कधी सांगितलं हे?"

"उन्हाळ्यात."

"म्हणजे आठ महिने झाले."

"व्हय. नऊ होत आले."

"आणि मणका?"

"मणका चांगला आहे."

 मग ती म्हणाली, "मी तुम्हाला पट्टा पाठवला होता, बाबा. दर रविवारी विचारत होते." आणि फोन बंद झाला. शिवहारनं परत लावला. तिनं उचलला नाही.

त्यानंतरचा रविवार आला आणि गेला. फोन आला नाही. बुधवारी जावयाचा निरोप आला, चार ओळींचा. मिनाचे डोळे तपासले. डाव्या डोळ्यातला दाब वाढलेला निघाला. नजर अजून गेली नाही, औषधाचे थेंब सुरू केलेत, डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. शिवहारनं ते चारदा वाचलं. वेळेवर, हा शब्द त्याला सुटकेसारखाही वाटला आणि टोचलाही. नऊ महिने आधी कळलं असतं तर कदाचित थेंबही लागले नसते. कदाचित लागले असते. हे त्याला कोण सांगणार होतं?

दुसऱ्या दिवशी रत्नपालची गाडी गेटवर आली. नंबर लिहून झाल्यावर शिवहार दाराशी गेला.

"रत्नपाल, मणका न्हाई. डोळे गेले माझे. काचबिंदू."

रत्नपालनं तिकिटाचं मशीन दुसऱ्या हातात घेतलं. "मला त्याच दिवशी वाटलं होतं. कळप इतका मोठा होता, मामा. तुमी स्वतः सांगाल म्हणून थांबलो."

"इतके दिवस?"

"तुमी गेटवर बसलात, माझ्याकडं बघायचंच सोडलं. मी काय विचारणार?" त्याचा नवा ड्रायव्हर हॉर्न देत होता. रत्नपालनं पायरीवर पाय ठेवला. "येतो एखाद्या दिवशी घरी," तो म्हणाला आणि घंटी मारली. गाडी निघाली. तो त्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. त्याची ड्युटी लांबच्या मार्गावर लागली होती.

फाट्यावर उतरून शिवहार एकदा पल्लवीकडं गेला, मिनाचं सांगायला. तिच्यासमोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. "बरं झालं, मामा," ती भिंगातून नजर न काढता म्हणाली, "पण तुमी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकता का नियमानं?" तो म्हणाला, टाकतो. खरं म्हणजे दिवसाआड टाकत होता. त्या दिवसापासून त्यानं चुकवलं नाही.

मिनाचा फोन जावयाच्या निरोपानंतर अकराव्या दिवशी आला, संध्याकाळी आठला. ती कशी आहे, काय करते, काही विचारायच्या आत म्हणाली, "थेंब टाकले का?"

"आता टाकणारच होतो."

"मीपण टाकतेय. फोन ठेवू नका. टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून. डॉक्टरनं तुम्हाला सांगितलं होतं का हे?"

"न्हाई सांगितलं."

"सांगितलं असेल. तुम्ही ऐकलं नसेल."

तिच्या आवाजात राग अजून होता. शिवहारनं मोबाईल स्पीकरवर टाकून सतरंजीवर ठेवला, मान मागं करून दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे मिटून कोपरे दाबून धरले. पलीकडं बाटलीचं टोपण लावल्याचा आवाज आला, मग काही नाही. मग कुकरची एक शिट्टी. दूर कुठंतरी गाड्यांचे हॉर्न. तिचा श्वास. जावई काहीतरी विचारत होता, ती त्याला "थांब जरा" म्हणाली.

शिवहारला तिला बरंच काही सांगायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. चार हात लांब ठेवलेल्या मोबाईलवर पहिल्यांदा आरसा दिसला ते सांगायचं होतं. पण ती बोलत नव्हती म्हणून तोही बोलला नाही.

"झाली पाच मिनिटं," मिना म्हणाली. "ठेवते."

"उद्या करशील?"

"उद्या सेकंड शिफ्ट आहे. बघते. परवा करीन."

फोन बंद झाला. शिवहारनं डोळे उघडले. बल्ब आधी पसरट दिसला, मग गोल झाला. शेजारच्या घरात टीव्ही लागला होता. त्यानं उठून शेगडी पेटवली आणि एका माणसापुरतं पीठ परातीत काढलं.